मदत हवी आहे : मॅनिटोबातल्या मेनोनाइट सुइणी आणि त्यांचं रोजचं खाणं

नमस्कार मंडळी. १८७४ पासून आजच्या युक्रेनमधून कॅनडात मॅनिटोबाला येऊन वसलेल्या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) बायकांवर वाचतेय. छापील इतिहासात बघावं तर पुरुषच पुरुष! कॅथरीना हीबर्टसारख्या सुइणींच्या वह्या, पत्रं कुठे मिळतील? शिवाय ऋतूप्रमाणे रोजचं जेवण: उन्हाळ्यात आंबटचुका-शेपूचं बोर्श्त (एक सूप), कलिंगडासोबत रोलकूकन (पिठाच्या तळलेल्या पट्ट्या), थंडी पडली की डुक्कर कापून हिवाळ्याची बेगमी. (सणाच्या पाककृती नकोत, त्या ढिगाने आहेत.) बाळंतिणीला काय खायला देत, हे मुख्य हवंय. विनिपेगला कुणी राहतं का? तिथल्या मेनोनाइट हेरिटेज अर्काइव्ह्जमध्ये जाऊन आलेलं कुणी? आणि जुन्या वळणाचं हस्तलिखित जर्मन वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर प्लीज सांगा.