कॅफेच्या मेन्यूचे फोटो: फोटोग्राफर लावायचा की मोबाइलवर भागवायचं?

कॉफीकाउंटर

नमस्कार मंडळी. मी आणि बहीण मिळून छोटासा कॅफे काढतोय, बसायला जागा मोजकीच, बाकी सगळी भिस्त ऑनलाइन ऑर्डरवर. मेन्यूत पंचवीसेक आयटम आहेत, कॉफी, सँडविच, सूप, पास्ता आणि थोडं बेकिंग. फोटो लागणार ते ऑर्डरच्या ॲपवर, इन्स्टावर आणि काउंटरमागच्या बोर्डवर. मोबाइलवर काढून बघितले तर सगळंच पिवळट येतंय, सूप तर अक्षरशः गढूळ पाणी दिसतंय, आणि चवीला चांगलं आहे हो ते! बहीण म्हणते सरळ प्रोफेशनल माणूस लावू, मी म्हणतोय तेवढ्या पैशात ग्राइंडर बदलून होईल. दोघांची कोटेशन आलीत, एकाचं डिशमागे आणि दुसऱ्याचं अख्ख्या दिवसाचं, पण त्यात नेमकं काय काय धरलंय हे दोन्हीत कळत नाही. तर फोटोग्राफरची खरंच गरज आहे का, आणि लावलाच तर आधी काय काय बोलून घ्यायचं? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

सावलीउजेड

फोटोग्राफी हा माझा धंदाच आहे त्यामुळे मी "लावा" म्हणणार असं वाटेल, पण आधी तुमचं पिवळं प्रकरण बघू, कारण ते कॅमेऱ्याचं नाहीच, लाइटचं आहे. कॅफेत लोक हौसेने वॉर्म बल्ब लावतात, ते साधारण २७०० ते ३००० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा). खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास किंवा वरच. दोन्ही एकदम डिशवर पडले की फोन गोंधळतो, एक बाजू पिवळी नाहीतर दुसरी निळी येणारच, आणि मग एडिटिंगमध्ये कितीही घासा, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळणी, एका वेळी एकाच उजेडासाठी नीट बसतो. म्हणून पहिलं काम म्हणजे आतले सगळे दिवे बंद. सगळे म्हणजे सगळे, फ्रीजमधला सुद्धा. मग टेबल खिडकीला लागून घ्या.

खिडकी डिशच्या एका बाजूला किंवा थोडी मागे यायला हवी, तुमच्या पाठीमागे नको. समोरून उजेड पडला की ब्रेडचे पापुद्रे, क्रंब म्हणजे ब्रेडचा चुरा, सॉसची चमक सगळं सपाट होऊन जातं, पदार्थाला अंगच राहत नाही. कडक ऊन येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरा पडदा किंवा ट्रेसिंग पेपर. समोरच्या बाजूला सावली फारच गडद होतेय असं वाटलं तर तिथे पांढरा थर्माकोल उभा करायचा, तो जवळ-लांब सरकवत बसा आणि सावलीत काय होतं ते डोळ्यांनी बघा, तेवढ्या अर्ध्या तासात व्हिडिओ बघून कळणार नाही इतकं कळेल. उलट कॉफीचा ग्लास फिका दिसत असेल तर थर्माकोलच्या जागी काळा कार्डबोर्ड लावा, काचेच्या कडेला काळी रेघ येते आणि ग्लास उठून दिसतो.

फोनचं एकच सांगतो. १एक्सने जवळ जाऊन काढू नका. ती लेन्स वाइड असते, जवळून ताटलीची पुढची कड फुगते आणि मागचं सगळं बारीक दिसतं. २एक्स किंवा ३एक्स लावून मागे सरका. काही फोन ३एक्सला फार जवळ गेलं की गुपचूप मेन कॅमेऱ्यावर उडी मारतात आणि तोच फोटो कापून देतात, म्हणून खरंच मागे सरकायचं. बोट दाबून फोकस लॉक करा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, जरा खाली ओढा, नाहीतर दुधाचा फेस नुसता पांढरा डाग येतो.

आणि अँगल पदार्थावरून ठरतो. बर्गर, सँडविच, थरांचा केक यांची मजा उंचीत आहे, ते समोरून. सूप, सॅलड, लाटे आर्ट वरून. बाकी बहुतेक सगळं ४५ अंशात चालतं, कारण खुर्चीत बसलेल्या माणसाला ताट तसंच दिसतं.

अर्धाकप

वरचं सगळं बरोबर, मी कॅफेवाल्याच्या बाजूने सांगतो. फोटोग्राफर की मोबाइल असा प्रश्नच नाहीये, कुठला फोटो कुठे जाणार हा प्रश्न आहे. पंचवीसच्या पंचवीस आयटमला प्रोफेशनल फोटो लागत नाही. जे सहा-सात आयटम तुमचा धंदा चालवणार आहेत, ज्यात मार्जिन आहे आणि जे बघून माणूस ॲपवर थांबणार आहे, तेवढे चांगल्या माणसाकडून करून घ्या. रोजचं स्पेशल, स्टोरी, ओव्हनमधून निघालेला ट्रे हे मोबाइलवरच काढा, ते तसंच जिवंत वाटतं आणि तिथे अती गुळगुळीत फोटो टाकला तर उलट जाहिरात वाटते. बाकी आयटम एकाच पृष्ठभागावर, एकाच उजेडात, एकाच अँगलने काढून घ्या. ॲपवर लोक अंगठ्याने झरझर खाली जातात, त्यात एक फोटो काळ्या बॅकग्राउंडवर, दुसरा लाकडावर, तिसरा ट्यूबलाइटखाली असला की पाच वेगवेगळ्या किचनमधून माल येतोय असं वाटतं.

आता कोटेशन. "डिशमागे" म्हणजे डिशमागे एक फायनल फोटो की तीन अँगल? फूड स्टायलिस्ट, म्हणजे फोटोसाठी पदार्थ सजवणारा माणूस, त्यात आहे का, प्लेट्स-प्रॉप्स कोण आणणार, एडिटिंग किती फोटोंचं, बदल सांगितले तर किती वेळा करून देणार, फाइल किती दिवसांत मिळणार, हे सगळं लेखी घ्या. दिवसाचं कोटेशन स्वस्त वाटतं, पण तुमचं किचन स्लो असेल तर दिवस तिथेच जातो आणि घड्याळ त्याचं चालू असतं. तुमच्यासारखे आयटम जास्त आणि फोटो साधे असतील तर दिवसाचं परवडतं, मोजक्याच डिश पण नखरेल करायच्या तर डिशमागे बरं, असा माझा हिशोब.

आणि हक्कांचं नक्की विचारा, इथे बरेच जण फसतात. पैसे दिले म्हणजे फोटो आपलाच असं दर वेळी नसतं, भारतात वेगळा करार नसेल तर कॉपीराइट पैसे देऊन फोटो काढून घेणाऱ्याचा असतो, पण करारात तो फोटोग्राफरने स्वतःकडे ठेवला असेल तर आपल्याला मिळतं ते फक्त वापरायचं लायसन्स. ते ॲप, सोशल मीडिया, छापील बोर्ड आणि पेड जाहिरात या सगळ्यासाठी आहे का, किती काळासाठी आहे, दुसरी शाखा काढली तर चालेल का, एवढं एका पानावर लिहून घ्या. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाइल, शक्यतो कोणी देत नाही, त्यावर वाद घालत बसू नका, फुल साइज जेपेग मिळाली की पुरे.

पोर्टफोलिओ बघताना एक बघा, त्याने तुमच्यासारखं खाणं कधी काढलंय का. लग्नाचे फोटो कितीही भारी असले तरी वितळणारं आइस्क्रीम हे वेगळं काम आहे.

पॅनवाली

मी फूड स्टायलिंग करते. सगळे लाइट आणि लेन्सवर बोलतायत, मी किचनवर बोलते, कारण शूट बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

डिश कॅमेऱ्यासमोर येते तेव्हा तिचं आयुष्य सुरू झालेलं असतं आणि ते फार कमी असतं. एस्प्रेसोचा क्रेमा, म्हणजे वरचा तपकिरी फेस, दोनेक मिनिटांत विरायला लागतो, लाटेवरच्या नक्षीच्या कडा फुटतात आणि फेसावर बुडबुडे दिसायला लागतात. म्हणून आधी त्याच आकाराचा डमी कप ठेवायचा, त्यात पाणी असलं तरी चालेल, कपाचा कान कुठे यायला हवा, चमचा कुठे, फोकस कुठे, सगळं त्या डमीवर लावून घ्यायचं, आणि मग बरिस्ताला, म्हणजे कॉफी करणाऱ्याला, हाक मारायची. कप टेबलावर टेकला की लगेच क्लिक. पुन्हा हवा असेल तर पुन्हा नवीन कॉफी, जुनी ढवळून काही होत नाही. दूध त्या हिशोबाने जास्तीचं आणून ठेवा.

पास्ता आणि भाज्या किंचित कच्च्याच उतरवा, पूर्ण शिजलेल्या फोटोत मलूल दिसतात. सॉस वाळून वर साय धरायला लागला की पास्ता शिजवलेलं गरम पाणी ब्रशने फिरवायचं, परत चकाकतो. पानं बर्फाच्या पाण्यात ठेवून अगदी शेवटी, टिपून लावायची. सँडविच करवतीच्या दातांच्या सुरीने कापा, आणि प्रत्येक कापानंतर सुरी पुसा, नाहीतर बीटाचा रंग चीजवर पसरतो आणि मग ते एडिटिंगवाल्याच्या गळ्यात. ताटलीची कड पुसायला इअरबड, क्रंब उचलायला चिमटा. ताटली मॅट आणि नेहमीपेक्षा जरा लहान घ्या, पदार्थ भरलेला दिसतो आणि चकाकीची डोकेदुखीही कमी.

शूटचा क्रम अँगलप्रमाणे लावा, वरून काढायचे सगळे एकामागोमाग, मग ४५ वाले, म्हणजे दर वेळी ट्रायपॉड हलवावा लागत नाही. आइस्क्रीम आणि बर्फवालं सगळ्यात शेवटी. आणि त्या दिवशी कॅफे बंद ठेवा, गिऱ्हाईक आणि शूट एकाच शेगडीवर होत नाही.

तुमच्या सुपाचं म्हणाल तर भाज्या तळाला बसतात, मूळ दुखणं ते. पसरट बाऊल घ्या, आधी भाज्या रचा, मग रस्सा बाजूने हळू ओता, म्हणजे भाज्यांची डोकी वर राहतात. मात्र एका सर्व्हिंगमध्ये जेवढ्या जातात तेवढ्याच.

कॉफीकाउंटर

बापरे, एवढं कोणी लिहिल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. दिवे बंद करून खिडकीशी काढून बघितलं, पिवळेपणा गेला! बहिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली की फूड फोटोत सगळं खोटंच असतं ना, आइस्क्रीम म्हणजे बटाटा वगैरे, मग आपणच कशाला एवढं प्रामाणिक राहायचं. आणि दुसरं, आजकाल एआयने डिशचा फोटो बनवून मिळतो म्हणे, कोणी वापरलंय का?

पॅनवाली

बटाट्याचं आइस्क्रीम करायचे हे खरंय, अजूनही कुठेकुठे करतात, जाहिरात आइस्क्रीमची नसून कोनाची किंवा बाऊलची असेल तर. जे विकताय तेच खोटं करायचं नाही, हा माझा नियम. यावरून मोठं प्रकरण झालेलं आहे, अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीने सुपाच्या जाहिरातीत बाऊलच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, भाज्या वर दिसाव्यात म्हणून, आणि १९७० मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यांना ते बंद करायला लावलं. म्हणजे तुमच्यासारखाच प्रॉब्लेम, आणि सूप आणि भाज्या खऱ्याच होत्या, फक्त गोट्यांमुळे भाज्या होत्या त्यापेक्षा जास्त वाटत होत्या. ग्लासच्या बाहेरून ग्लिसरीन आणि पाणी निम्मं निम्मं करून फवारलं तर थेंब टिकतात, ते मी बिनधास्त करते, कारण ग्राहकाला मिळणाऱ्या कोल्ड कॉफीलाही थेंब येतातच. मात्र तो ग्लास नंतर कोणी प्यायचा नाही, स्टाफला आधीच सांगून ठेवा.

तिखटमीठ

एआयचं मी वापरून सोडलं. फोटो देखणे येतात, पण ते आपलं सँडविच नसतंच, त्यात आपण घालत नाही ते टोमॅटो असतात. गिऱ्हाईक डबा उघडतं आणि फोटो शेजारी धरून रिव्ह्यू टाकतं. बॅकग्राउंड साफ करायला, डाग काढायला घ्या की, पदार्थाला हात लावू देऊ नका. आणि सगळे ताटलीतले फोटो काढतायत, तुमचा धंदा डिलिव्हरीचा आहे, तर एखादा फोटो डब्यात भरलेल्या डिशचाही टाका, वीस मिनिटं डबा बंद ठेवून मग उघडलेला. तसा दाखवायला लाज वाटत असेल तर अडचण पॅकिंगची आहे, कॅमेऱ्याची नाही.

सावलीउजेड

तिखटमीठ यांच्याशी सहमत, विशेषतः डब्याबद्दल. एक राहिलंच, तुमचा बोर्ड. फोटो काढतानाच डिशच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडा, कारण एका ठिकाणी चौकोनी क्रॉप लागेल, इन्स्टावर उभा ४:५ आणि बोर्डवर आडवा, आणि घट्ट काढलेल्या फोटोत कान तुटलेला कप हाती येतो. हातात धरायच्या मेन्यूकार्डला ३०० डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके) लागतो, पण लांबून बघायच्या बोर्डला १५० पुरतो. म्हणजे फोटो २४ इंच रुंद छापायचा तर ३६०० पिक्सेल, १२ मेगापिक्सेलचा फोन आडवा धरून ४००० देतो, झूम किंवा क्रॉप न करता काढलात तर. त्यामुळे बोर्डवरचे फोटो फोटोग्राफरकडूनच घ्या, त्याला क्रॉप करायला जागा असते. प्रिंटरला फाइल देण्याआधी एक छोटा तुकडा छापून मागवा आणि तो काउंटरच्या मागे, तुमच्याच पिवळ्या दिव्यांखाली धरून बघा, कारण बोर्ड दिसणार त्याच उजेडात. आणि त्या दोघांपैकी जो एक डिश ट्रायल म्हणून काढून द्यायला तयार होईल त्याला सूप द्या, सँडविच कोणीही काढतं.