उरलेल्या वस्तू संपवताना
टूथपेस्टची नळी कापून आतला अंश वापरणे आणि साबणाचा झिजलेला तुकडा ओला करून नव्या वडीला चिकटवणे, या घरातल्या वस्तू शेवटपर्यंत वापरण्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या दोन्ही युक्त्यांशी मी सहमत आहे. मात्र खरी बचत वस्तू संपत येताना नव्हे, तर ती घरात ठेवतानाच होते. नवा माल मागे आणि आधीचा पुढे, ही दुकानदारांची साधी शिस्त पाळली तर मुदत उलटून फेकाव्या लागणाऱ्या वस्तू बऱ्याच कमी होतात.

बॅटरीच्या सेलबाबत थोडे सविस्तर लिहितो. १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल हळूहळू उतरत जातो, आणि मोटार असलेले खेळणे त्यावर चालेनासे झाले, तरी भिंतीवरच्या घड्याळाला अत्यल्प प्रवाह पुरत असल्याने तोच सेल तिथे बराच काळ काम देऊ शकतो. फक्त नवा व जुना सेल एकाच उपकरणात घालू नयेत, कारण दुबळा सेल अति उतरून गळण्याचा धोका वाढतो.

स्वच्छतेच्या द्रवांच्या बाबतीत मात्र काटकसर आवरती घ्यावी. दोन बाटल्यांतले उरलेसुरले एकत्र ओतण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु ब्लीच आम्लयुक्त द्रवात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो, तर अमोनियासोबत घातक क्लोरामाइन तयार होते. शिवाय ब्लीच उष्णतेने व प्रकाशाने निष्प्रभ होत जाते, त्यामुळे स्वस्त मिळाले म्हणून त्याचा मोठा साठा करण्यात अर्थ नाही.