प्रिझमचं भाडं भरायचं की पोरांना 'आर' शिकवायचं?

गोदाकाठचा मास्तर (धागाकर्ता)

मार्च आला की आमच्या विभागात दोन गोष्टी हमखास होतात. ऑटोक्लेव्हचं गॅस्केट जातं आणि सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलचा मेल येतो. गॅस्केटचं कसंतरी निभतं. यंदा मेलमधला आकडा मी फळ्यावर लिहिला आणि त्याखाली टिप्स, अगार आणि पेट्री प्लेटांचं वर्षाचं बिल मांडलं. वरचा आकडा मोठा निघाला. आमचे लॅब असिस्टंट म्हणाले, "म्हणजे सर, प्रयोग स्वस्त आणि त्याचा आलेख महाग?"

ज्यांना या बाजाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये आलेख आणि टी-टेस्टला (दोन गटांतला फरक खरा की योगायोग ते तपासायला) ग्राफपॅड प्रिझम, प्लाझ्मिडचे, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळांचे नकाशे काढायला स्नॅपजीन, डीएनएचे सीक्वेन्स जुळवायला जिनिअस अशी ठरलेली नावं आहेत. वाटतात तीन दुकानं, पण गल्ला एकच. तिन्ही डॉटमॅटिक्स नावाच्या कंपनीच्या छत्राखाली गेली, आणि २०२५ मध्ये सीमेन्सने डॉटमॅटिक्सच ५.१ अब्ज डॉलरना घ्यायचा करार केला. हो, विजेच्या मोटर आणि स्विचगिअरवाली सीमेन्स. त्याआधी २०१४ मध्ये विमानांच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर करणाऱ्या दासो सिस्टिम्सने रसायन-जीवशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधली अ‍ॅक्सेलरिस अशीच घेतली होती. एवढे पैसे ओतणाऱ्याला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कॉलेजचं काय पडलंय? त्याचं गिऱ्हाईक औषध कंपनी. आपल्याला विद्यार्थी सवलत मिळते ती पोरांचा हात त्या बटणांवर बसावा म्हणून.

माझं मत: पुढच्या वर्षीपासून रिन्यूअल बंद. त्या पैशात मे महिन्यात पंधरा दिवस चांगला माणूस बोलवायचा आणि एमएस्सीच्या पोरांना 'आर' (आकडेमोड आणि आलेखांची फुकट प्रोग्रामिंग भाषा) आणि फिजी (सूक्ष्मदर्शकाचे फोटो मोजायचं फुकट सॉफ्टवेअर) शिकवायचं. फिजीच्या पोटात जे इमेजजे आहे ते अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या वेन रासबँड यांनी १९९७ पासून फुकट दिलेलं. डीएनए-प्रथिनांचे सारखे सीक्वेन्स शोधणारं ब्लास्ट १९९० पासून सगळ्यांना खुलं. फुकट म्हणजे कुणाच्या तरी करातून आलेलं हे मला कळतं, पण तो करदाता मार्चमध्ये मेल पाठवत नाही.

---

अंबडचा क्यूए

मास्तर, राग मानू नका, पण हा विचार स्टाफरूमच्या खिडकीतून दिसतो तेवढाच आहे.

मी औषध कंपनीत क्यूए, म्हणजे गुणवत्तेची हमी बघतो. आमच्याकडे एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, आलेखात एक पीक (शिखर) येतं. शेजारच्या पिकात थोडं मिसळलेलं असतं. केमिस्ट बेसलाइन, म्हणजे शिखराच्या पायथ्याची रेघ, हाताने ओढतो, पीकचं क्षेत्रफळ थोडं बदलतं आणि बॅच पास होते. प्रश्न असा की ती रेघ कोणी ओढली, किती वाजता, आधी कुठे होती आणि का हलवली. सॉफ्टवेअरला हे सगळं आपोआप लिहून ठेवता आलं पाहिजे, आणि ते पुसायची सोय माझ्याकडेही नको, मॅनेजरकडेही नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचा पार्ट ११ चा नियम १९९७ पासून हेच मागतोय. ऑडिटर आला आणि त्याला एक्सेलची शीट दाखवली तर तो शीटकडे बघतच नाही, तुमच्याकडे बघतो.

तुमच्या फुकट सॉफ्टवेअरचं व्हॅलिडेशन, म्हणजे ते बरोबर चालतं याचा लेखी पुरावा, कोण करणार? आम्ही पैसे मोजतो ते आलेखाचे नाहीत, त्या कागदपत्रांचे. दुसरं, तुमची पोरं पास होऊन आमच्याकडेच येतात. मुलाखतीत सांगतात 'आर' येतं. बरं वाटतं. मग मशीनसमोर बसवलं की सँपलचा सीक्वेन्स (कोणता नमुना कशानंतर मोजायचा तो क्रम) लावता येत नाही.

---

गोदाकाठचा मास्तर

क्यूएसाहेब, तुमच्या लॅबला ते हवंच, त्यावर वाद नाही. पण तुमच्या नवीन माणसाचं ट्रेनिंग आमच्या ग्रँटमधून का व्हावं? आणि सीक्वेन्स लावायला आठवडा लागतो. आलेखातली एरर बार म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन की स्टँडर्ड एरर, हे न कळता आलेलं पोर तुम्हाला वर्षभर पुरतं.

---

पिपेटवाली

दोघेही सज्जन आहात म्हणून खरं बोलत नाही आहात. आपल्याकडे लढत फुकट विरुद्ध विकत अशी नाहीच. तिसरा गडी आहे, क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी.

माझ्या पीएचडीच्या पहिल्या दिवशी सीनिअरने पेनड्राइव्ह दिला. त्यात प्रोटोकॉल, जुने थिसिस आणि 'सेटअप' नावाचं फोल्डर. आत एक टेक्स्ट फाइल: आधी वायफाय बंद कर, मग इन्स्टॉल कर, अपडेट विचारलं तर नाही म्हण. संशोधनातली माझी पहिली एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) ती. एकदा त्याच फोल्डरमधून आलेल्या कशाने तरी लॅबच्या मुख्य पीसीवरच्या फाइल लॉक झाल्या आणि दोन जणांचे जेलचे (प्रयोगात वेगळे केलेल्या डीएनएच्या पट्ट्यांचे) फोटो गेले.

गंमत पुढे आहे. पेपर लिहिताना 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्ये सॉफ्टवेअरचं नाव आणि व्हर्जन लिहावं लागतं. म्हणजे चोरी करायची आणि आपल्याच सहीने छापायची. मी शेवटी सगळे आलेख 'आर'मध्ये परत केले. आमच्या गाइडनी पाहिले आणि म्हणाल्या, "छान आहे, पण फॉन्ट प्रिझमसारखा कर."

---

मीन मीडियन मोडक

मास्तरांच्या धाग्यावर मास्तरांच्याच विरुद्ध लिहितोय. मी संख्याशास्त्र शिकवतो, 'आर' रोज वापरतो आणि तरी म्हणतो की प्रिझम बंद करू नका.

ते हार्व्ही मोटुल्स्की नावाच्या डॉक्टरने जीवशास्त्रवाल्यांसाठी केलं. त्यातलं मदतीचं पान उघडून बघा: ही टेस्ट कधी, गृहीतकं कोणती, आकडा आला तर काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही. आम्ही बीएस्सीला तीन वर्षांत जेवढं पोचवत नाही तेवढं त्या पानांनी पोचवलंय. 'आर'मध्ये एका ओळीत एनोव्हा (अनेक गटांच्या सरासरींची तुलना) होतो, पण चुकीचा एनोव्हाही एकाच ओळीत होतो आणि कोणी अडवत नाही.

उघडा कोड म्हणजे बिनचूक कोड हाही भ्रम नको. मेंदूच्या स्कॅनचं एएफएनआय हे फुकट आणि उघडं सॉफ्टवेअर. त्याच्या एका भागात चूक होती आणि ती १५ वर्षं तशीच होती. २०१६ च्या पेपरात बाहेर आली.

आणि विकतचंही तेच. एक्सेलमध्ये 'मार्च १' किंवा 'सेप्ट १' नावाचं जनुक टाकलं की ते तारीख होतं. २०१६ च्याच एका तपासणीत, ज्या पेपरांसोबत जनुकांच्या एक्सेल याद्या होत्या त्यांतल्या सुमारे एक पंचमांश पेपरांत अशी नावं बिघडलेली सापडली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली! सॉफ्टवेअर हललं नाही, जीवशास्त्र हललं. पुढे मायक्रोसॉफ्टने ती सवय बंद करायचा पर्याय दिला, पण तोवर जनुकांची बारशी उरकली होती.

---

गोदाकाठचा मास्तर

मोडक, ती १५ वर्षं लपलेली चूक सापडली कशी? कोड उघडून बघता आला म्हणूनच ना. बंद डब्यातली किती वर्षं लपून आहे, हे तुम्ही मला सांगू शकता का?

---

मीन मीडियन मोडक

नाही. पण १५ वर्षं कोणी उघडून बघितला नाही, हेही तुम्ही मला समजावून सांगा.

---

निफाडकर

तुम्ही सगळे आलेखावर अडकलात. खरं कुलूप मशीनला आहे.

मी द्राक्षांच्या रेसिड्यूचं, म्हणजे फवारणीच्या उरलेल्या अंशांच्या तपासणीचं काम करतो. २०१० चा हंगाम ज्यांना आठवतो त्यांना सांगायला नको. क्लोरमेक्वाट, म्हणजे बागेत ज्याला सगळे सीसीसी म्हणतात, त्याच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडली होती. तेव्हापासून तपासायच्या रसायनांची यादी लांबतच गेली. हे सगळं एलसी-एमएस-एमएस या अतिसूक्ष्म अंश मोजणाऱ्या मशीनवर होतं. मशीन ज्या कंपनीचं, सॉफ्टवेअर तिचंच, आणि मोजणीची मूळ फाइल तिच्याच खास साच्यात. मशीन घेताना शेतकरी ट्रॅक्टरचं करतो तसं घासाघीस करून दर पाडता. सॉफ्टवेअरची ओळ कोटेशनच्या तळाशी असते, तिकडे कोणी बघत नाही. सहा वर्षांनी विंडोज बदललं की कळतं.

प्रोटिओविझार्डसारखं फुकट साधन या फाइल उघड्या साच्यात बदलून देतं, ते मी वापरतो. पण जुना सँपल परत तपासायचा म्हटला की ज्या मेथडने मोजला तीच मेथड, तेच इंटिग्रेशन (पिकाच्या क्षेत्रफळाची मोजणी) दाखवावं लागतं. क्यूएसाहेबांशी इथे सहमत, फुकटवाल्याने भागत नाही. मास्तरांशीही सहमत, की आपला डेटा आपल्याच घरात परक्या कुलपात आहे. माझं म्हणणं एवढंच की खरेदीच्या वेळी टेंडरमध्ये एक ओळ घाला: मूळ डेटा उघड्या साच्यात निघाला पाहिजे. वर्गणी भरा नाहीतर भरू नका, ती भांडणं नंतरची.

---

सातपूरचा कोडवाला

इथे दुकानदाराची बाजू कोणीच मांडत नाही, तर मी मांडतो. आठ वर्षांपूर्वी मी आणि मित्राने लॅबमधले सँपल, फ्रीजरमधले डबे, कोणी काय काढलं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर केलं. किंमत ठेवली एका चांगल्या पिपेटच्या सेटएवढी. पाच कॉलेजं फिरलो. पाचही ठिकाणी चहा, पाचही ठिकाणी "फारच सुंदर". एकाने दोन वर्षं ट्रायल वापरलं. पैसे मागितले तेव्हा म्हणाले, आमच्या मुलाने एक्सेलमध्ये तसंच करून दिलंय.

हा धंदा बाहेरून वाटतो तसा नाही. अख्ख्या जगात गिऱ्हाईक मोजकं, आणि प्रत्येक लॅबला आपला फ्रीजर वेगळा वाटतो. फोन उचलणाऱ्याला कोडही कळावा लागतो आणि मिडीप्रेपही (जिवाणूंतून प्लाझ्मिड काढायची पद्धत). असा माणूस नाशिकमध्ये टिकत नाही, पुण्याला जातो. मग छोटे दुकानदार मोठ्याला विकून मोकळे होतात. मास्तर ज्याला एकच गल्ला म्हणतात तो असा तयार होतो, कुणाच्या कपटाने नाही.

सरकारचं म्हणाल, तर २०२२ च्या जुलैत सरकारी संशोधन संस्थांची ५ टक्के जीएसटीची सवलत गेली, सॉफ्टवेअरसकट. आता १८. त्याच सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, तीन वर्षांना ६,००० कोटी, सुमारे १३,००० जर्नलांसाठी. जर्नल देशाने मिळून घेता येतं, मग प्रिझम का नाही? किंवा त्या पैशाचा शंभरावा हिस्सा इथल्याच पोरांनी लिहिलेल्या उघड्या कोडला का नाही?

---

पिपेटवाली

कोडवाले, तुमचं सॉफ्टवेअर अजून आहे का? आमच्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये कोणाचं काय आहे हे फक्त त्याच्या दारावरच्या मार्करला माहीत आहे, आणि तो पुसत चाललाय.

---

सातपूरचा कोडवाला

आहे. पण ट्रायल नाही.

---

अंबडचा क्यूए

मास्तर, करा बंद. दोन वर्षांनी त्याच पोरांचे बायोडेटा माझ्या टेबलावर येतील, तेव्हा बोलू.

---

गोदाकाठचा मास्तर

बोलूच. सध्या ठरवलंय ते असं: एक सीट ठेवायची, मोडकांच्या त्या मदतीच्या पानांसाठी. बाकीच्या रद्द. विभागप्रमुखांची सही व्हायची आहे, त्या क्यूएसाहेबांच्या पक्षाच्या आहेत.

निफाडकर, तुमच्या कुलपाचा नमुना आमच्याकडे आहे. यूव्ही-व्हिस मशीन (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं) ठणठणीत, दिवाही नवा. सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं आणि डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी चावी, लावल्याशिवाय उघडत नाही. म्हणून त्या डोंगलला लाल दोरा बांधून गोदरेजच्या कपाटात, विभागाच्या शिक्क्याशेजारी ठेवलाय. चावी प्रमुखांकडे. मागच्या पंधरवड्यात कोणीतरी तो दोऱ्यासकट पीसीतून ओढला आणि यूएसबीचा पत्रा वाकला. पक्कडीने सरळ केला, तेव्हापासून तीनदा लावला की एकदा ओळखतो. पुरवठादार म्हणतो नवीन डोंगल मिळत नाही, नवीन मशीन मिळतं.

---

निफाडकर

अवांतर: आमच्या जुन्या लॅबमध्ये नेमकी उलटी स्थिती आहे. मशीन कधीच भंगारात गेलं, डोंगल तेवढा चालू आहे. ड्रॉवरमध्ये पडलाय. मॉडेल नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.