म्हाताऱ्यांच्या बाथरूमची कडी काढायची का?

पेन्शनर नाना
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी 'ज्येष्ठांची सुरक्षा' म्हणून यादी टाकली. बाथरूमची आतली कडी काढा, संध्याकाळी सातनंतर पाणी देऊ नका, गॅसला हात लावू देऊ नका, एकट्याने जिना उतरू देऊ नका. खाली ढीगभर हात जोडलेले आणि फुलं. मी 73 वर्षांचा आहे. बँकेत स्वतः जातो, कुकर लावतो. आता अंगाला साबण लावताना दाराकडे कान ठेवून बसायचं, कुणी येतंय का म्हणून? आणि सातनंतर पाणी बंद! मे महिन्यात नागपुरात हा प्रयोग करून बघा, सकाळी सलाइन लावायला पळाल. या वयात तहान आधीच कमी लागते.

आम्ही पडतो त्याची कारणं घरात आहेत. पॅसेजमध्ये अंधार, बुळबुळीत फरशी, ओलं पायपुसणं. टॉवेलचा दांडा आधाराला धरला की स्क्रूसकट हातात येतो. त्याबद्दल यादीत अवाक्षर नाही. सगळे नियम म्हाताऱ्याला, घराला एकही नाही. आम्ही काय दावणीची गुरं आहोत?

सांगलीची सून
नाना, बाकी सगळं मान्य, कडी नाही. आमच्या सासूबाई आत पडल्या, त्या नेमक्या दाराला टेकून. दार आत उघडणारं. सुताराने कडी तोडली, पण दार ढकललं की त्या किंचाळायच्या. शेवटी शेजारच्या पोराने खिडकीच्या काचा एकेक करून काढल्या आणि तो आत उतरला. खुब्याचं हाड मोडलेलं. तेवढा सगळा वेळ त्या ओल्या फरशीवर. तुमची ती यादी मला आधी मिळाली असती तर मीही फूल टाकलं असतं.

पेन्शनर नाना
म्हणजे कडी नसती तरी दार उघडलं नसतंच. तुम्हीच लिहिलंय.

सांगलीची सून
करा वकिली. फट तरी पडली असती, हात तरी धरता आला असता. तुमचा मान तुमच्यापाशी, पण पडल्यावर बेडपॅन कोण देतं ते कधी लिहिणार?

फिजिओ, डोंबिवली
दार बाहेर उघडणारं करून घ्या, नाहीतर सरकतं. कडीऐवजी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असं लॉक मिळतं. आधाराचा दांडा टॉवेलचा नव्हे, वजन पेलणारा, आणि तो भिंतीत नीट पक्का बसवलेला हवा. आत गॅस गिझर असेल तर आधी तो बाहेर काढा, कडीचं नंतर भांडा. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद बाथरूममध्ये तरणीताठी माणसं गेली आहेत.

दुसरं, माझ्याकडे येणाऱ्यांत बरेच जण पलंगावरून उठतानाच पडलेले असतात. झोपून बीपी मोजा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, झोपेची गोळी, बीपीची गोळी, सगळ्या पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवा. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हेही विचारा. पाणी तोडण्यापेक्षा ते बरं. पण मनाने काही बंद करू नका.

न्यू जर्सीकर
आम्ही आईच्या हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये कॅमेरे लावलेत. आई पुण्यात, सोबत चोवीस तासांची मावशी. मागे बघितलं तर मावशी मोबाइलमध्ये आणि आई काठीशिवाय उभी! लगेच फोन केला. तंत्रज्ञान वापरा, हे वाद संपतील.

पेन्शनर नाना
बेडरूममध्ये? आईला विचारलं होतं?

न्यू जर्सीकर
तिच्या भल्यासाठीच आहे. इथे रात्रभर झोप लागत नाही काळजीने, ते तुम्हाला नाही कळणार.

रात्रपाळी
मी मावशीचं काम करते. तुमच्याकडे नाही, पण अशाच एका घरात. चोवीस तास कोण जागं राहतं ते सांगा दादा. रात्री आजींना दोनदा-तीनदा उठवून न्यायचं, डायपर, कूस बदलायची. सकाळी पाहुणे आले की चहाही मीच करायचा. पहिल्या पगारातून काम मिळवून देणाऱ्या ब्युरोचं कमिशन कापलं जातं. कॅमेरा असल्याने साडी बदलायला आडोसा नाही. आणि मी बाथरूमला गेले तर आजींना कुणाच्या हवाली करायचं? कडी लावून बसायला आम्हाला वेळ कुठाय.

न्यू जर्सीकर
पगार वेळेवर देतो. बारा-बारा तासांच्या दोन बायका ठेवणं प्रत्येकाला परवडत नाही.

सांगलीची सून
डॉलरमध्ये कमावून परवडत नाही? मी फुकट करते. बारा तासही नाही आणि ब्युरोही नाही. नणंद दिवाळीत येते आणि विचारते, 'आई बारीक का दिसते?'

न्यू जर्सीकर
वैयक्तिक होऊ नका. तुम्हाला आमचे इथले खर्च माहीत नाहीत.

विदर्भ एक्सप्रेस
ज्येष्ठांना रेल्वेची तिकीट सवलत मार्च 2020 मध्ये थांबवली, ती अजून आली नाही. त्यावर कुणी धागा काढत नाही!

सांगलीची सून
काका, आम्ही बाथरूमपर्यंत कसं जायचं यावर अडलोय.

फिजिओ, डोंबिवली
दादा, दोन बायका नाही तर निदान ठरवून झोपेचे तास द्या. पेंगणाऱ्या माणसाच्या हाती पेशंट दिला की दोघं पडतात. मी पाहिलंय.

न्यू जर्सीकर
बरं. दुपारचे चार तास मावशींना सुट्टी, तेवढ्यात शेजारच्या काकू बसतील. बेडरूमचा कॅमेरा पॅसेजकडे वळवायला सांगतो. झालं समाधान?

रात्रपाळी
काकूंना विचारलंत का?

पेन्शनर नाना
नाण्याचं लॉक बसवून घेतो, सूनबाईंचं समाधान म्हणून. पण उघडण्याआधी तीनदा हाक मारायची आणि मी उत्तर दिलं नाही तरच. आणि सुताराचे पैसे मी देणार, म्हणजे हुकूम कुणाचा ते स्पष्ट राहील.

सांगलीची सून
द्या. दाराची दिशाही त्याच पैशात बदलून घ्या, हुकूमशहा.