१९८६ ची स्कॉटिश फुटबॉल लीग: हार्ट्सने घालवली की सेल्टिकने कमावली?

डावा_विंगर
काल परत डेन्स पार्कची (डंडी क्लबचं मैदान) ती जुनी क्लिप बघत बसलो होतो आणि खाली सगळ्यांचं तेच पालुपद, हार्ट्सने कच खाल्ली, ऐन वेळी पाय लटपटले वगैरे. मला हे कधीच पटलेलं नाही म्हणून हा धागा.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ३ मे १९८६, प्रीमियर डिव्हिजनचा शेवटचा दिवस. एडिंबराचा हार्ट्स दोन पॉइंटने पुढे, सप्टेंबरअखेरपासून लीगमध्ये सलग २७ मॅच हरलेला नाही, डंडीत जाऊन नुसता ड्रॉ काढायचा होता. तिकडे सेंट मिरनच्या गावात, पेझलीत, ग्लासगोच्या सेल्टिकला त्यांना बदडायचं होतं, वर हार्ट्स हरायला हवा होता, आणि गोल डिफरन्समध्ये (मारलेले वजा खाल्लेले) चारने मागे होते तेही भरून निघायला हवं होतं. डंडीत ८३ मिनिटं ०-०. मग कॉर्नर आला, जॉन ब्राउनचं डोकं लागलं आणि सब म्हणून उतरलेल्या अल्बर्ट किडने ठोकला, ज्याचा त्या सीझनला लीगमध्ये एक गोल नव्हता! चार मिनिटांनी दुसरा पण त्याचाच. तिकडे सेल्टिक ५-०. दोघांचे पॉइंट ५०, लीग सेल्टिकची.

आता मला सांगा, सेल्टिकने शेवटच्या आठच्या आठ मॅच जिंकल्या, पेझलीत हाफटाइमलाच ४-० होतं, डॅनी मॅकग्रेनपासून सुरू होऊन मो जॉन्स्टनने संपवलेला तो तिसरा गोल बघा, आहाहा. अशी टीम जिंकली तर "समोरच्याने घालवली" कसं काय?

पेठेतला_गोली
साहेब, ड्रॉ पाहिजे होता फक्त ड्रॉ. ८३ मिनिटं झालेली. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एवढं झालं असतं ना तर पब्लिकने टीमला तालमीपर्यंत चालत नेलं असतं आणि वाटेत कोणी चहा पण विचारला नसता. सेल्टिकने दहा मारले असते तरी हार्ट्सने एक पॉइंट काढला असता की विषय संपला. त्यामुळे घालवलीच.

टाइनकासलची_सून
गोली भाऊ, जरा दमानं. नवऱ्यामुळे हार्ट्स गळ्यात पडलाय, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकते.

त्या आठवड्यात टीममध्ये व्हायरसची साथ होती. क्रेग लव्हीन, डिफेन्समधला तरणाबांड पोरगा, सीझनभर भिंतीसारखा उभा होता, तो त्या दिवशी खेळलाच नाही. सँडी जार्डिन ३७ वर्षांचा, पत्रकारांनी त्या वर्षीचा बेस्ट प्लेयर त्याला निवडलेलं. म्हणजे बघा, तीन वर्षांपूर्वी जी टीम खालच्या डिव्हिजनमध्ये होती तिची लीग एक म्हातारा आणि चारदोन पोरं ओढत होती. आणि पहिल्या हाफमध्ये सँडी क्लार्कला बॉक्समध्ये पाडलं ती पेनल्टी दिली नाही. सासरे आजही जेवताना तो विषय निघाला की चमचा खाली ठेवतात.

पेठेतला_गोली
ताई, पेनल्टी न मिळणं हे कारण प्रत्येक हरलेल्या टीमकडे असतं हो 😄

हिशेबनीस
भावना बाजूला ठेवा, जरा आकडे बघू.

सेल्टिक: २० जिंकल्या, १० ड्रॉ, ६ हरल्या. हार्ट्स: २० जिंकल्या, १० ड्रॉ, ६ हरल्या. अक्षरशः सारखं. म्हणजे तेव्हा विजयाला दोन पॉइंट होते, तीन असते तर काय झालं असतं, हा वाद कोणी काढणार असेल तर काढू नका, काहीच झालं नसतं.

गोल: सेल्टिक ६७-३८ म्हणजे +२९, हार्ट्स ५९-३३ म्हणजे +२६. आता गंमत. जुना गोल ॲव्हरेजचा नियम असता, म्हणजे मारलेले भागिले खाल्लेले, तर हार्ट्स १.७८८ आणि सेल्टिक १.७६३. किडचे दोन्ही गोल धरूनसुद्धा हार्ट्स चॅम्पियन!

थांबा, संपलं नाही. १९६५ ला पण हार्ट्स शेवटच्या दिवशी ०-२ हरला, स्वतःच्या मैदानावर, किलमार्नॉककडून. तेव्हाही दोघांचे ५० पॉइंट. तेव्हा गोल ॲव्हरेज होतं, किलमार्नॉक ६२-३३, हार्ट्स ९०-४९, आणि हार्ट्सची लीग ०.०४२ ने गेली. गोल डिफरन्स असता तर +४१ विरुद्ध +२९, हार्ट्स आरामात. दोन्ही वेळा दुसरा नियम पाहिजे होता. आपल्याकडे लोक नेट रनरेटला शिव्या घालतात, त्यांनी एकदा या क्लबकडे बघावं.

डावा_विंगर
हिशेबनीस, दंडवत तुम्हाला. १९६५ चं माहीत होतं, पण ८६ ला ॲव्हरेजने उलटं होतं हे कधी भागून बघितलंच नव्हतं. आत्ता कॅल्क्युलेटर घेऊन चेक केलं.

पण यातून माझाच मुद्दा बळकट होतो ना? नियम सगळ्यांना ऑगस्टपासून माहीत होता. डिफरन्समध्ये पाच-पाच मारणाऱ्याला फायदा, सेल्टिकने मारले.

साशंक_काका
पाच मारले की मारू दिले? त्या सीझनला लीग मोठी करायची म्हणून खाली कोणी जाणारच नव्हतं, तळाला राहिलेले मदरवेल आणि क्लाइडबँक दोघंही वाचले. सेंट मिरन सातवे, ना वर जायचं ना खाली. अशा टीमविरुद्ध ५-० म्हणजे उन्हाळी सुट्टीचा पहिला दिवस हो.

डावा_विंगर
काका, सुट्टीवाल्या टीमला पाच मारणं आणि फिक्सिंग यात फरक आहे, पुरावा नसताना असं सूचक बोलून सोडू नका प्लीज. आणि मग डंडीचं काय? त्यांना तर जिंकायचंच होतं. युरोपच्या जागेसाठी त्यांची रेंजर्सशी चुरस होती, रेंजर्स मदरवेलशी अडखळले असते तर डंडीला संधी होती. नाही अडखळले, २-० जिंकले, पण ९० मिनिटं डंडी जीव तोडून खेळले. म्हणजे हार्ट्सला सगळ्यात अवघड पेपर आला होता, हे मी त्यांच्याच बाजूने बोलतोय बरं का.

साशंक_काका
फिक्सिंग शब्द मी वापरला नाही, तुम्ही वापरलात.

हिशेबनीस
अजून एक, मग जातो, ऑफिस आहे. हार्ट्सच्या सहा हारांपैकी पाच पहिल्या आठ मॅचमध्येच झाल्या. त्यातली शेवटची क्लाइडबँककडून, जे सीझनअखेर तळाला होते! तिथे नुसता ड्रॉ काढला असता तर डंडीत काही का होईना, लीग हार्ट्सची. त्यामुळे ८३व्या मिनिटाबद्दल काय भांडताय, सप्टेंबरबद्दल भांडा.

पेठेतला_गोली
हे मात्र मान्य. पण सप्टेंबरची क्लिप कोण बघतंय राव.

बरं मग पुढच्या शनिवारचं काय? १० मेला हॅम्पडनवर स्कॉटिश कपची फायनल, समोर कोच ॲलेक्स फर्ग्युसनचा ॲबर्डीन, पाचव्या मिनिटाला जॉन ह्युइटने मारला आणि शेवटी ०-३, वर कॅप्टन वॉल्टर किडला रेड कार्ड. (दोन्ही किडचं नातं नाही, पण त्या आठवड्यात हे आडनाव हार्ट्सला काही लाभलं नाही.) याला कच खाणं नाही म्हणत तर कशाला म्हणतात?

टाइनकासलची_सून
याला सात दिवसांत सावरता न येणं म्हणतात. आणि तो ॲबर्डीन काय साधा होता का? ऑक्टोबरमध्ये लीग कपच्या फायनलला हिब्जला (एडिंबरातलेच, आमचे कट्टर वैरी) ३-० हरवलेलं, दोन्ही कप घेऊन गेले.

सासरे डेन्स पार्कला होते तेव्हा, तिशीतले. ते सांगतात, पहिला गोल झाल्यावर ओरडा कमी आणि शांतताच जास्त आठवते, सगळे ट्रान्झिस्टरवाल्या माणसाकडे बघत होते आणि तो मान खाली घालून तसाच उभा. पेझलीचा स्कोअर त्याला माहीत होता ना.

डावा_विंगर
हे वाचून घालवली-कमावली दोन्ही शब्द टाइप करायला नको वाटतंय. तरी माझं मत कायम आहे ताई, सासऱ्यांना सांगू नका.

टाइनकासलची_सून
सांगते कशाला, शेजारचा हिब्जवाला सांगतोच की. दर ३ मेला अल्बर्ट किडचा फोटो आमच्या लेटरबॉक्समध्ये टाकतो मेला. या वर्षी तर लॅमिनेट करून टाकलाय.