मदत हवी आहे : नाश्त्याचा बेत, पण तारीख कोणती धरू?

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकात आमच्या गल्लीतले आम्ही काही जण मिळून एक सामुदायिक नाश्ता ठेवतोय. साधारण १५० माणसं. भागात सलोखा टिकावा म्हणून वर्षानुवर्षं झटणाऱ्या पाच-सहा जणांचा सत्कार करायचा आहे. मिरवणुकीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या पोरांना हाताला धरून घरी नेणारे एक चाचा आहेत, त्यांचं नाव सगळ्यात आधी सुचलं.

मनात तारीख होती २ मार्च. १९३० साली याच दिवशी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. याहून योग्य दिवस कोणता! पण यंदा तेव्हा रोजे चालू असतात. ज्यांचा मान करायचा तेच पाण्याचा घोटही घेणार नाहीत, आणि आपण समोर मिसळ खायची? मला ते पटत नाही. त्या दिवशी संध्याकाळी इफ्तारलाच एकत्र बसावं, की ईद झाल्यावरचा रविवार धरावा?

दुसरं, मिसळीचं. सात-आठ किलो कोरडी मटकी पुरेल ना? रविवार ठरला तर शुक्रवारी सकाळीच भिजत घालावी लागेल. जैन कुटुंबांसाठी कांदा-लसणाशिवायचा रस्सा वेगळ्या पातेल्यात करायचाय. चव कशी आणता?

आणि शाल-श्रीफळ सोडून सत्काराला काय द्यावं? कुणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.