‘पोस्टर्न ऑफ फेट’: ख्रिस्तीबाईंची ही कादंबरी छापायलाच नको होती

कोयनाकाठ
अगाथा ख्रिस्ती माझी सर्वांत लाडकी लेखिका, आणि तिच्या पात्रांत टॉमी-टपेन्स या हेरगिरी करणाऱ्या नवरा-बायकोवर जीव जास्त. तिचा गुप्तहेर पॉयरो वर्षानुवर्षं तसाच राहतो, ही जोडी मात्र आपल्याबरोबर वाढते. १९२२च्या पहिल्या कादंबरीत खिशात दमडी नसलेले दोघं तरुण. १९७३च्या या पुस्तकात आजी-आजोबा. म्हणूनच हा अपेक्षाभंग जिव्हारी लागला.

सुरुवात काय जबरदस्त आहे! नव्या घरातल्या जुन्या पुस्तकांत टपेन्सला स्टीव्हन्सनचं ‘द ब्लॅक ॲरो’ सापडतं. त्यातल्या काही अक्षरांखाली रेघा. अक्षरं जोडली की कळतं, मेरी जॉर्डनचा मृत्यू नैसर्गिक नव्हता आणि ते करणारं आपल्यातलंच कुणीतरी होतं. हे वाचून पुस्तक खाली कोण ठेवेल?

पुढे मात्र नुसत्या गप्पा. टपेन्स गावात काही ऐकते, टॉमीला सांगते. टॉमी लंडनला काही ऐकतो, टपेन्सला सांगतो. मग दोघं मिळून तेच पुन्हा घोळतात. म्हाताऱ्या आयझॅक माळ्याचा खून होतो, तरी कथेचा वेग वाढत नाही. संशयित धड उभेच केलेले नाहीत, मग वाचकाने ओळखायचं कुणाला? हे छापायला नको होतं.

जुनी_वही
साफ असहमत. तुम्ही खुनी शोधत बसलात म्हणून हाती काही लागलं नाही. इंग्लंडमधल्या टॉर्कीला ॲशफील्ड नावाच्या घरात ख्रिस्तीबाईंचं बालपण गेलं. तिथला मॅथिल्ड नावाचा डुलता घोडा, ट्रूलव्ह ही खेळण्यातली घोडागाडी, ‘के के’ म्हटलं जाणारं काचघर, सगळं या पुस्तकात आलंय. १९७७मध्ये निघालेलं आत्मचरित्र शेजारी ठेवून वाचा. ऐंशी ओलांडलेली बाई पाडलं गेलेलं आपलं घर कागदावर पुन्हा उभं करते आहे. मला तरी ते वाचताना भरून आलं.

कोयनाकाठ
वही, आत्मचरित्र मलाही फार आवडतं. पण ती आठवण आत्मचरित्रात शोभते. इथे पहिल्याच प्रकरणांत खुनाचा संदेश देऊन वाचकाला शब्द दिलाय, तो पाळायला नको? आत्मचरित्र शेजारी ठेवल्याशिवाय ज्यात राम वाटत नाही, ती कादंबरी फसलेलीच.

तिसरी_घंटा
एक मुद्दा राहतोय. टोरांटो विद्यापीठातल्या इयन लँकशर आणि ग्रॅम हर्स्ट यांनी २००९मध्ये तिच्या कादंबऱ्यांची भाषा संगणकावर तपासली. शेवटच्या काळात, विशेषतः १९७२च्या ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’मध्ये, शब्दसंग्रह खूप आटलेला दिसला; तेच शब्दसमूह पुन्हा पुन्हा आणि ‘काहीतरी’सारखे मोघम शब्द वाढलेले. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी, असा त्यांचा अंदाज. ‘एलिफंट्स’नंतर वर्षभरात ही कादंबरी आली. तुम्हाला खटकलेली पुनरुक्ती या नजरेने बघा, राग उरणार नाही.

सावंतवाडीकर
घंटा, अंदाज हा अंदाजच. हयातीत तिला असं निदान झाल्याची नोंद नाही. शब्द मोजून मेलेल्या माणसाचा आजार ठरवणं मला पटत नाही. आणि नुसत्या वयावरही खापर फोडू नका. ‘एंडलेस नाइट’ १९६७ची, म्हणजे बाईंनी पंचाहत्तरी ओलांडल्यावरची, आणि तिच्या उत्तम कादंबऱ्यांपैकी एक! शेवटच्या पानांत पायाखालची जमीन सरकते. कोयनाकाठ म्हणतात ते बरोबर, पुस्तक कमजोर आहे. तसं म्हणण्यात लेखिकेचा अपमान नाही.

कोयनाकाठ
घंटा, माझा राग लेखिकेवर नाहीच, प्रकाशकावर आहे. हस्तलिखित हाती आल्यावर जे वाचकाला दिसतं ते तिथे कुणालाच दिसलं नाही? पॉयरोची अखेरची कथा ‘कर्टन’ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवलेली होती, ती १९७५मध्ये बाहेर आली. कसली घट्ट बांधणी आहे तिची! ती आधी काढता आली असती, आणि हिच्यावर शांतपणे काम करता आलं असतं.

जुनी_वही
म्हणजे कात्री लावली असती. आणि पहिली कात्री त्या घोड्यावर आणि काचघरावरच चालली असती, कारण ‘कथानकाला गरज नाही’. एवढ्या मोठ्या लेखिकेचं शेवटचं लिखाण तिच्या मनासारखं राहिलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

कोयनाकाठ
घोडा राहू दे, काचघर राहू दे, हॅनिबल कुत्र्याची तर एक ओळही काढू नका; त्याच्या जागा खरोखर जिवंत आहेत. मला तीच बातमी तीनतीनदा नको, आणि मेरी जॉर्डनला कुणी मारलं याचं धडधडीत उत्तर हवं. पन्नास वर्षं वाचकाला ते उत्तर देत आलेली लेखिका होती ती.